थेंब खाली, गळती वर

इंजिनातलं तेल जिथून निसटतं आणि जमिनीवर जिथे त्याचा थेंब पडतो, त्या दोन जागांमध्ये पुष्कळदा हातभर अंतर असतं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघालेलं तेल त्याखालच्या हेडच्या अंगावरून उतरतं, ब्लॉकच्या एखाद्या कंगोऱ्याला अडून आडवं सरकतं, बोल्टच्या माथ्यावर जरा थांबतं आणि शेवटी गिअरबॉक्सच्या सांध्याशी येऊन लोंबतं. गाडी पळत असली की वारा त्याला आणखी मागे ढकलतो. सकाळी शहाबादी फरशीवर डाग दिसतो तो बरोबर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्याच्या खाली. तो डाग बघून बहुतेक गॅरेजांत एकच निदान निघतं : क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

क्रँक हा इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आणि त्याच्या मागच्या टोकाचं सील गिअरबॉक्सच्या आड असतं. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, क्लच उघडायचा, फ्लायव्हील सोडवायचं. सील स्वतः काहीशे रुपयांचं, मजुरी मात्र त्याच्या कितीतरी पट. एवढं सगळं करून नवं सील बसतं, गाडी घरी येते आणि आठवडाभरात फरशीवर पुन्हा तोच डाग, त्याच जागी. तेल वरून येत होतं आणि वर कुणी पाहिलंच नव्हतं. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या माझ्या ओळखीच्या लोकांपैकी बऱ्याच जणांनी हा खर्च सोसलाय. काहींनी तर त्यानंतर कंटाळून चांगली गाडी भंगाराच्या भावात देऊन टाकली. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या गाड्यांना झालेलं दुखणं किरकोळ होतं.

आमची गाडी १९९९ सालची. पेट्रोल, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व, एकच कॅमशाफ्ट. बाबांनी घेतली, त्यांच्या मागे माझ्याकडे आली. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, खानापूर तालुक्यात शाळेत शिकवते आणि ही गाडी रोज चालवते. पंधरा वर्षं झाल्यावर तिची नोंदणी नव्याने करून घेतली. आता दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. गाडी उत्तम आहे. कापडाखाली झाकून ठेवायची आठवण म्हणून मी ती ठेवलेली नाही. खानापूर, जांबोटी, कधी चोर्ला घाट उतरून गोवा, कधी शिनोळीवरून आंबोली असं सगळीकडे ती जाते.

आमच्याकडच्या मातीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गळती ओळखायला तिची मदत होते. बेळगावच्या पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती. जांबोटीच्या रस्त्याला उन्हाळ्यात गाडी नेली की बॉनेटच्या आत त्या मातीची बारीक भुकटी जाऊन बसते. कोरड्या धातूवरची भुकटी फुंकरीने उडते, तेलाचा ओलावा असेल तिथली चिकटून राहते. जिथे धूळ आणि तेल मिळून काळपट, घट्ट लेप झालाय, तिथे कैक महिन्यांचा पाझर आहे असं समजावं. त्या लेपावरून ओली, चकचकीत रेघ उतरलेली दिसली तर ते ताजं तेल, आणि ती रेघ वर वर शोधत गेलं की तिचा उगम सापडतो. बैलहोंगल, गोकाकच्या बाजूच्या काळ्या मातीत हे इतकं स्पष्ट दिसत नाही, कारण तेलाचा लेपही काळा आणि मातीही काळी.

माझ्या गाडीची गळती शोधून दिली ती फोर्ट रोडच्या बाजूच्या एका बोळातल्या मिस्त्रींनी. ॲम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सींवर हात बसलेला माणूस. माझ्याशी मराठी, पोराशी कन्नड, स्पेअर पार्टच्या दुकानदाराशी दख्खनी हिंदी, आणि इंजिनाशी बोलताना यातली कुठलीही. त्यांच्याकडे जाण्याआधी दोन ठिकाणी मला गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला मिळाला होता. तो मी त्यांना सांगितला. त्यांनी बॉनेट उघडलं आणि हात मागे बांधून नुसते बघत राहिले.

"ताई, थेंब हितं पडालाय म्हणून तेल हितनंच निघालंय असं न्हाई. वरनं खाली बघत यायचं. आधी पुसून काढूया, मग बघूया की."

"पण मिस्त्री, दोघांनी सांगितलं रिअर सील म्हणून."

"सांगितलं असंल. असंलबी. पण एवढं तेल माखलेलं असताना मला तर काय दिसंना. तुमास्नी दिसालंय काय?" मग पोराकडे वळून, "तम्मा, बट्टी कोडु. नीर हाकब्याड."

पोरगं हातात फडकं घेऊन आलं. पाण्याची पाइप लांब ठेवली गेली आणि ते अगदी बरोबर होतं. सर्व्हिसिंगवाल्याकडे जोराच्या पाण्याने इंजिन धुऊन घ्यायची आपल्याकडे सवय आहे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तर रांगा लागतात. ते पाणी प्लगच्या नळ्यांत, एकेका प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रीब्युटरच्या झाकणात, सेन्सरच्या जोडांत शिरतं आणि चांगली चालणारी गाडी मिसिंग करायला लागते. इंजिन गार असताना ब्रश आणि थोडं डिझेल किंवा डीग्रीझर घेऊन फक्त धातूचा भाग साफ करावा, रबरी नळ्या आणि बेल्ट यांना ते लागू देऊ नये, शेवटी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावं. वेळ लागतो. मिस्त्रींच्या पोराने सकाळचा मोठा भाग त्यात घालवला आणि त्या सबंध वेळात एकही पार्ट बदलला गेला नाही.

मग आली पावडर. साधी, अंगाला लावायची टाल्कम पावडर. साफ केलेल्या हेडवर, ब्लॉकच्या बाजूवर, डिस्ट्रीब्युटरच्या बुडाशी ती हलकेच उडवली. गाडी घेऊन काकतीच्या पुढे महामार्गावर जाऊन या म्हणाले, इंजिन नीट तापलं पाहिजे. तेल गार असताना दाट असतं, बारीक फटीतून येत नाही. तापलं की पातळ होतं, आतला दाबही वाढतो, आणि मग ते वाट शोधतं. परत येऊन बॉनेट उघडलं तर पांढऱ्या पावडरीवर दोन करड्या रेघा उमटल्या होत्या. एक टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, दुसरी डिस्ट्रीब्युटर जिथे हेडमध्ये बसतो त्याच्या बुडातून. दोन्ही रेघा खाली एकत्र होऊन गिअरबॉक्सच्या सांध्याकडे गेलेल्या. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, खालचं पत्र्याचं झाकण काढून मिस्त्रींनी टॉर्च आणि छोटा आरसा लावून आत बघितलं. आत क्लचची कोरडी भुकटी. मागचं सील शाबूत.

डिस्ट्रीब्युटरच्या बुडात एक ओ-रिंग असते. जुन्या रबराला वर्षानुवर्षं उष्णता लागली की ते कडक होतं, त्याचा गोल काप चपटा होतो आणि धातूला ते धरून राहत नाही. माझ्या गाडीतली काढली तेव्हा तिचे तुकडे झाले. किंमत इतकी मामुली की दुकानदाराने ती कागदात बांधूनही दिली नाही. हा डिस्ट्रीब्युटर दोन-तीन बोल्टांवर बाहेर येतो, गिअरबॉक्सला हात लागत नाही. फक्त काढण्याआधी त्याची जागा खूण करून ठेवावी लागते, नाहीतर इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलतं.

तेलाची गोष्ट इथे संपली असती, पण गाडीला दुसरंही दुखणं होतं आणि ते मला जास्त छळत होतं. गाडी मिसिंग करायची. उभी असताना नाही, म्हणजे निदान कळण्याइतपत नाही. गोव्याहून परत येताना चोर्ला घाट चढायला लागलं, तिसऱ्या गिअरला पाय दाबला की इंजिन अडखळायचं, सगळी गाडी थरथरायची, सायलेन्सरमधून फट्-फट् असा तुटक आवाज यायचा. पावसाळ्यात जास्त. कणकुंबीच्या धुक्यात तर सपाट रस्त्यावरही.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर गाडी उभ्या उभ्या चालू असेल तर एकेक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटायला हवा, चौघे मिळून १६००. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत क्रम असतो १-३-४-२. यातला एखादा अधूनमधून चुकला की मिसिंग. पेटायला लागतं काय? हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, पुरेसं कॉम्प्रेशन आणि ठरल्या क्षणी ठिणगी. यातलं काय कमी पडतंय हे न बघता प्लग बदल, मग वायर बदल, मग पेट्रोल पंप बदल, मग इंजेक्टर साफ कर, असं करत गेलं की गाडीची किंमत ओलांडेपर्यंत पैसे घालता येतात. प्लगपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण तो स्वस्त असतो आणि तो बघून पुष्कळ कळतं. माझा आक्षेप आहे तो न बघता बदलण्याला.

कुठला सिलिंडर चुकतोय हे शोधायची जुनी रीत आजही तितकीच चोख आहे. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची लीड, म्हणजे त्याला करंट आणणारी जाड वायर, क्षणभर काढायची. लीड काढल्यावर इंजिनाचा आवाज खाली बसला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. हे उघड्या हाताने कधीही करू नये. ठिणगीसाठी कॉइलमधून येणारा विजेचा दाब दहा हजार व्होल्टांच्याही वर असतो, त्याला इन्सुलेटेड पक्कडच हवी. काढलेली लीड लोंबकळतही ठेवू नये, इंजिनाला टेकवलेल्या जास्तीच्या प्लगवर ती बसवावी म्हणजे करंटला वाट मिळते. सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत फार वेळ असं चालवायचं नाही, कारण न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन त्याला तापवतं.

माझ्या गाडीत चारही लीड काढल्यावर आवाज बसला, पण तिसऱ्याचा फरक इतरांपेक्षा कमी होता. मिस्त्रींनी तिसरी लीड पूर्ण ओढून काढली, तिच्या टोकाचं रबर बोटांनी चेपलं आणि मला दिलं. रबर फुगलेलं, मऊ, तेलकट. टॉर्च मारून प्लगच्या नळीत बघितलं तर तळाशी तेल साचलेलं, प्लगचा षटकोन त्यात बुडालेला.

"हे बघा. तुमचं तेल आणि तुमचं मिसिंग, दोन्ही एकाच घरातनं आलंय."

सोळा व्हॉल्वच्या या इंजिनात प्लग हेडच्या मधोमध असतात आणि टॅपेट कव्हरमधून त्यांच्यापर्यंत खोल नळ्या जातात. प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक गोल रबरी सील असतं. कव्हरच्या कडेचं पॅकिंग कडक होतं तेव्हा ही चार गोल सीलंही त्याच वयाची, तितकीच तापलेली असतात. कडेचं पॅकिंग गळलं तर तेल बाहेर येतं आणि डाग दिसतो. गोल सील गळलं तर तेल नळीत उतरतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. तिथे ते लीडचं रबर कुजवतं. मग कॉइलचा करंट प्लगच्या टोकाकडे न जाता चिनी मातीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून सरकत हेडच्या धातूला जाऊन मिळतो. त्या वाटेवर कार्बनची बारीक काळी रेघ उमटते आणि पुढच्या खेपेला करंटला तीच वाट सोपी होते.

उभ्या गाडीत हे का कळत नाही, तेही यातूनच समजतं. चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा-पेट्रोल भरतं, दाब वाढतो आणि त्या दाट मिश्रणात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. बाहेरची पळवाट सोपी असली की करंट तिकडे पळतो. हवेत ओल असली तर आणखी सहज. चोर्ला आणि कणकुंबी यांचा हिशोब असा लागला. माझ्यासारख्या मास्तरणीला त्या क्षणी जो आनंद झाला तो वर्गातल्या मुलाने पायरी न चुकता प्रमेय सोडवून दाखवावं त्या वेळचा.

प्लग काढण्याआधी मिस्त्रींनी सिरिंजला बारीक रबरी नळी लावून ते तेल ओढून घेतलं, उरलेलं फडक्याने टिपलं. तसाच प्लग सोडला असता तर सगळं तेल सिलिंडरमध्ये गेलं असतं. चारही प्लग काढून ते क्रमाने कागदावर मांडले. प्लगचं आतलं टोक इंजिनाची हकीकत सांगतं. फिकट तपकिरी किंवा राखी असेल तर जळण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. पांढरं, फोड आल्यासारखं टोक म्हणजे मिश्रण पातळ किंवा प्लग फार तापतोय. काळं आणि ओलं, तेलकट टोक म्हणजे सिलिंडरच्या आत तेल येतंय, आणि ती वेगळी, मोठी गोष्ट. माझ्या तिसऱ्या प्लगचं वरचं अंग तेलाने माखलेलं होतं, आतलं टोक मात्र कोरडं. म्हणजे तेल वरून आलं होतं, पिस्टनच्या रिंगांमधून नव्हे. तेलकट प्लग हातात आला की "इंजिन उघडावं लागेल" असं म्हणणारे लोक असतात. त्यांना प्लग कुठल्या बाजूने तेलकट आहे हे विचारावं.

आत येणाऱ्या तेलाची परीक्षा आमच्या घाटांत फार चांगली होते. आंबोली किंवा चोर्ला उतरताना पाय सोडलेला असतो, गिअरमध्ये गाडी स्वतःला आवरत खाली जाते, त्या वेळी इनटेक मॅनिफोल्डमधली ओढ सगळ्यात जास्त असते. व्हॉल्वच्या दांड्यांवरची सीलं (व्हॉल्व स्टेम सील) झिजली असतील तर त्या ओढीने तेल सिलिंडरमध्ये खेचलं जातं, आणि घाट संपून पुन्हा पाय दाबला की मागे निळ्या धुराचा लोट उठतो. सकाळी पहिल्यांदा चालू करतानाचा निळा धूरही बहुधा त्यांचाच. चढावर, जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर घ्यावा. पावसाळ्यातल्या सकाळी थोडा वेळ दिसणारी पांढरी वाफ ही निव्वळ वाफ असते, ती बघून कुणी हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, उघडायला बसू नये. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला, रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं, तर मात्र बघायलाच हवं.

संशय उरू नये म्हणून मिस्त्रींनी कॉम्प्रेशन गेज लावलं. इंजिन तापलेलं, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि मग स्टार्टर. माझं काम पाय दाबून धरण्याचं. चारही आकडे १७० ते १८० पीएसआयच्या दरम्यान आले. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा, तो दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे गेला तर काळजी. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट. इतक्या साध्या उपायाने इंजिन उघडायचं की नाही हा हजारो रुपयांचा निर्णय होतो, आणि तरी कितीतरी इंजिनं हे न करताच उघडली जातात.

नवं पॅकिंग बसवण्याआधी मिस्त्रींनी एक प्रश्न विचारला, जो आधी कुणी विचारला नव्हता : पॅकिंग का गळालं? वय तर आहेच. पण पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, उतरत असतो आणि तो बाहेर घ्यायला ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व असतो. तो चिकट गाळाने बंद झाला की आतला दाब वाढतो, आणि शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी सगळ्यात कच्ची जागा आधी सुटते. तेल ओतायचं झाकण चालू इंजिनावर काढून त्या तोंडावर कागदाचा कपटा ठेवायचा. हलकेच चिकटला तर ठीक, फडफडत उडाला तर दाब साचतोय. आमचा उडाला. व्हॉल्व काढून कानाशी हलवला तर खुळखुळला नाही. तो बदलला, नळी साफ केली, पुन्हा कपटा ठेवला तर तो तोंडाशी चिकटून बसला. हे न करता नुसतं पॅकिंग बदललं असतं तर वर्षभरात नवंही गळलं असतं. कडेचं पॅकिंग बदलून चार गोल सीलं जुनीच ठेवणं हाही असाच अर्धा उपचार. पॅकिंगच्या पाकिटात ती नसली तर वेगळी मागून घ्यावीत.

सिलिकॉनबद्दल मला चीड आहे, ती इथे लिहून ठेवते. गळतंय म्हटलं की ट्यूब पिळून सगळीकडे सिलिकॉन थापायचं, ही पद्धत बोकाळली आहे. बाहेर आलेलं दिसतं तितकंच आतही दाबलं जातं. ते सुटून तेलात पडतं आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं तिथे, ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. जाळी तुंबली की तेलाचा दाब जातो, आणि मग बेअरिंग. रबरी पॅकिंगला ते लागतच नाही, कोपऱ्यात जिथे दोन भाग मिळतात तिथे टिकलीएवढं पुरतं. बोल्टही पिळून आवळायचे नसतात. कव्हरचा पत्रा वाकला की नवं पॅकिंगही बसत नाही. मधून सुरुवात करून बाहेर जात, थोडं थोडं, समान.

लीडचा संच नवा घातला. जुन्यांतल्या बाकीच्या तीन चांगल्या दिसत होत्या, पण नवा संच बसवण्याआधी मिस्त्रींनी त्यांचं काय होतंय ते दाखवण्यासाठी मला संध्याकाळी थांबवून घेतलं. अंधार पडल्यावर गॅरेजचा दिवा घालवला, इंजिन चालू केलं आणि रोपांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने लीडवर अगदी बारीक तुषार सोडले. दोन लीडच्या अंगावरून निळ्या, केसासारख्या ठिणग्या हेडकडे उड्या मारायला लागल्या, आणि त्या उडाल्या की इंजिन अडखळत होतं. दिवसा उजेडात याची चाहूलही लागली नसती. हात लांब, कपडे आवरलेले, एवढी काळजी घेतली तर ही तपासणी घरीही करता येते. खानापूर, चंदगड भागात पावसाळ्यात गाडी मिसिंग करते आणि ऊन पडलं की आपोआप सुधारते अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी हे एकदा करावंच.

नव्या गाड्यांना स्कॅनर लावतात. २०१० नंतरच्या, बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांमध्ये दोष नोंदवून ठेवणारी ही यंत्रणा आपल्याकडे बंधनकारक झाली, आणि ती उपयोगाची आहे. पी ०३०३ असा कोड आला की तिसरा सिलिंडर चुकतोय हे लगेच कळतं, लीड उपटत बसावं लागत नाही. पण तो का चुकतोय, प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व की नळीतलं तेल, हे कोड सांगत नाही. तिथून पुढे हात, डोळा आणि क्रम लागतोच. मिस्त्रींच्या पोराकडे मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर आहे आणि तो ते छान वापरतो. त्याला कपटा कसा ठेवायचा हेही ठाऊक आहे. असा मुलगा या धंद्यात टिकावा असं मला मनापासून वाटतं.

तो टिकेल का, हे आपण पैसे कशाचे देतो यावर आहे. माझ्या बिलात ओ-रिंग, पॅकिंग, चार सीलं, पीसीव्ही व्हॉल्व, प्लग, लीड यांच्या किमती होत्या आणि बसवण्याची मजुरी होती. पुसण्याची, पावडरीची, कॉम्प्रेशनची, अंधार पडेपर्यंत थांबण्याची एक ओळही नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "बघायचे कसले पैसे ताई?" आमच्या भागात गिऱ्हाईकही हेच म्हणतं : नुसतं बघितलंय, काय बदललं तर नाही. त्यामुळे जो बघत बसतो तो कमी कमावतो आणि जो गिअरबॉक्स उतरवतो तो जास्त. उद्यमबागेतल्या कारखान्यांत मायक्रॉनच्या हिशोबात काम करणारं हे गाव आहे, बेळगावच्या फाउंड्र्यांत इंजिनाचे भाग ओतले जातात, मोजण्याची किंमत इथे लोकांना कळते. मग गॅरेजात ती का कळू नये? मी मिस्त्रींना शोधण्याच्या कामाची वेगळी रक्कम दिली, त्यांना ती घ्यायला लावली, आणि पोराच्या हातात वेगळी. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने तसं करावं असं माझं ठाम मत आहे. सरळ सांगावं : आधी दोष शोधा, त्याचे पैसे घ्या, बदलायचं काय ते नंतर ठरवू.

पेट्रोलचंही एक बघायचं राहिलं होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आमच्या उसाच्या जिल्ह्याला त्याचा फायदा आहे, पण १९९९ सालच्या गाडीची रबरी नळी त्या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुनं रबर कुजवतं. म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतच्या रबरी जोडनळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालून घेतल्या. पेट्रोलची गळती तेलाच्या गळतीसारखी दिवस काढत ठेवायची नसते, वास आला की गाडी तिथेच उभी करायची. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तेल ठिबकत असेल तर तेही तितकंच तातडीचं.

त्यानंतर पावसाळ्यात चोर्ला घाट चढून आले. तिसऱ्या गिअरला, पाय पूर्ण दाबून, धुक्यात. इंजिन एकसुरात चाललं. फरशी कोरडी आहे. डिपस्टिक मी अजूनही दर रविवारी बघते, गार इंजिनावर, सपाट जागी. खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत साधारण लिटरभराचा फरक असतो, तेव्हा तेल किती उतरलं याचा अंदाज त्यावरून येतो.

पुढचं क्रँक सील जरासं ओलसर आहे, हे मिस्त्रींनी तेव्हाच दाखवून ठेवलं होतं. ठिबकत नाही, पण त्याच बाजूला टायमिंग बेल्ट आहे आणि त्याला तेल लागून चालत नाही. तेलाने बेल्टचं रबर फुगतं, दाते सुटतात, आणि या जातीच्या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्वला जाऊन आपटतात. बेल्टची मुदतही जवळ आली आहे. सीलसाठी तो उघडावाच लागणार, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बेल्ट, टेन्शनर, पुढचं क्रँक सील, कॅम सील आणि वॉटर पंप असं सगळं एकदमच करायचं ठरलं आहे. पार्ट आणून ठेवलेत. तोवर दर महिन्याला बेल्टच्या कव्हरची खालची कड फडक्याने पुसायची आणि फडकं मिस्त्रींना नेऊन दाखवायचं.